पाळीचा आणि शुगरचा काय संबंध?



गेल्या मार्चमधली गोष्ट. बेदाण्याचा हंगाम जोरात होता. आपल्या तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक संपली, वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या. मी गाडी चालू करणार, तेवढ्यात एक ताई मागून आल्या. "मॅडम, मघाशी सगळ्यांच्यात बोलता आलं न्हाई. पोरीसाठी गटातनं दहा हजार पायजेत."

पोरगी एकोणीस वर्षांची, एसटीनं कॉलेजला जाणारी. पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस यायला लागलेत. कुणीतरी एका औषधवाल्याचा पत्ता दिलेला. तीन महिन्यांचा कोर्स, दहा हजार रुपये. "लग्नाचं बघायच्या आधी नीट झालं पायजे. कुणाला कळायला नको."

मी विचारलं, "ताई, मुलीची शुगर तपासलीय का कधी?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "पाळीचा आणि शुगरचा काय संबंध?"

हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. त्या ताईंना विचारूनच लिहितेय. गावाचं आणि त्यांचं नाव मुद्दाम देत नाही.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न माझाही होता. मी एमएसडब्ल्यू करताना होस्टेलवर राहायचे. तेव्हा माझी पाळी अशीच लांबायची. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, लग्न झालं की आपोआप नीट होतं. गोळ्या होत्या तोवर पाळी आली, गोळ्या संपल्या की परत बंद. माझ्या आईला शुगर आहे. पण घरात कुणाला शुगर आहे का, हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा दोन गोष्टी जुळल्या.

या आजाराचं नाव काय?

याला पीसीओएस म्हणतात, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडं बरेच जण पीसीओडी म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा त्रास असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं १५ ते २४ वयाच्या मुलींची तपासणी केली होती. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात, कडक निकष लावले तरी शंभरात जवळजवळ अकरा मुलींना हा त्रास निघाला. म्हणजे ही एखाद-दुसऱ्या घरातली गोष्ट नाही.

१९३५ साली अमेरिकेतल्या शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन छापलं. पाळी बंद, अंगावर केस, अंडाशय मोठं झालेलं. पुढं कित्येक वर्षं हा फक्त अंडाशयाचा आजार समजला गेला. १९८० साली संशोधकांना दिसलं की या बायकांच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असतं. तिथून पाळीचा धागा शुगरशी जुळला. आपल्या गावात मात्र तो धागा अजून पोचलेला नाही.

इन्सुलिन कळायचं असेल तर बागेतलं ड्रीप आठवा

आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, चहा घेतला, की त्याची साखर होऊन रक्तात येते. ही साखर स्नायूंत आणि लिव्हरमध्ये पोचवायला शरीर इन्सुलिन वापरतं. ते पोटात, जठराच्या मागं असलेल्या स्वादुपिंडात तयार होतं.

आता द्राक्षबागेचं ड्रीप डोळ्यांपुढं आणा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हळूहळू ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर साचतो आणि ड्रिपर चोंदतात. वेलीला तेवढंच पाणी पोचवायचं, तर मोटरचं प्रेशर वाढवावं लागतं. प्रेशर वाढवलं की पाणी पोचतं, बाग हिरवीगार दिसते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण ज्या ड्रिपरला क्षार लागलेलेच नाहीत, तिथं वाढलेल्या प्रेशरनं फवारा उडतो. त्या वेलीच्या बुडाशी चिखल होतो आणि नको तेवढ्या पाण्यानं ती खराब होते.

शरीरात असंच होतं. स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. हे झाले चोंदलेले ड्रिपर. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे झालं मोटरचं प्रेशर. साखर कशीबशी जागेवर पोचते. पण अंडाशयाचा ड्रिपर चोंदलेला नसतो. त्याच्यावर सगळं जादा इन्सुलिन येऊन पडतं.

जादा इन्सुलिन अंडाशयात काय करतं?

प्रत्येक बाईच्या अंडाशयात थोडा पुरुषी हार्मोन तयार होतोच, त्याचाच पुढं बायकी हार्मोन बनतो. जादा इन्सुलिन आलं की अंडाशय हा पुरुषी हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनवतं. दुसरीकडं, लिव्हर एक प्रथिन बनवतं. ते या हार्मोनला धरून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की ते प्रथिन कमी होतं, आणि हार्मोन रक्तात मोकळा फिरतो. म्हणून हनुवटीवर, ओठांवर राठ केस, चेहऱ्यावर न जाणारे फोड, आणि डोक्यावरचे केस मात्र विरळ.

दर महिन्याला अंडाशयात काही बीजांच्या पिशव्या वाढायला लागतात. त्यातली एक पूर्ण वाढते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये त्या अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत त्याच बारीक बुडबुड्यांसारख्या दिसतात. रिपोर्टवर "सिस्ट" वाचून आपण घाबरतो, गाठी झाल्या म्हणतो. ताईंनो, त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. अर्धवट वाढलेल्या बीजपिशव्या आहेत. त्या कापून काढायच्या नसतात. आणि "गर्भपिशवीच काढून टाकू, कटकट मिटेल" असं कुणी म्हटलं, तर लक्षात ठेवा, मूळ दुखणं पिशवीत नाही. पिशवी काढून इन्सुलिन कमी होत नाही.

बीज बाहेर पडलं नाही की पाळी वेळेवर येत नाही. आतलं अस्तर साचत राहतं, आणि मग कधीतरी एकदम खूप अंगावर जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तराला कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तीन महिन्यांपेक्षा जास्त पाळी चुकली तर डॉक्टरकडं जायचंच. लग्न झालेली असाल तर आधी गरोदरपणाची तपासणी करून घ्या.

"शुगर नॉर्मल आली, मग काय?"

ही सगळ्यात फसवी जागा. प्रेशर वाढवून बाग हिरवी ठेवली होती, आठवतंय ना? तसंच, स्वादुपिंड जोवर जादा काम करतंय तोवर शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मोटर किती वर्षं ओढणार? एक दिवस ती थकते, आणि तेव्हा शुगर निघते. पीसीओएस असलेल्या बाईला डायबेटिसचा धोका इतर बायकांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो लवकर गाठतो. गरोदरपणातही शुगर वाढण्याची शक्यता जास्त असते.

म्हणजे अठराव्या-विसाव्या वर्षी चुकणारी पाळी ही चाळिशीतल्या शुगरची आगाऊ नोटीस असू शकते. वीस वर्षं आधी मिळालेली. आपण मात्र ती "लग्नानंतर बघू" म्हणून घडी घालून ठेवतो. लग्नानं इन्सुलिन कमी होत नाही.

पीसीओएसमधल्या सगळ्याच जणींना इन्सुलिनचा त्रास असतो असं नाही, पण बहुतेकींना असतो. हा आजार घराण्यातही चालतो. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कुणाला असेल, किंवा घरात शुगर असेल, तर डॉक्टरांना न विचारता सांगा.

"पण आमची पोरगी तर काडीसारखी बारीक आहे"

बारीक मुलींनाही होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. १९९३ पासून त्यांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं खूप हलकी होती, पण त्या मानानं अंगात चरबी टिकून होती.

त्यांचा एक गाजलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. फोटोत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले डॉक्टर मित्र यूडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. पण अंगातली चरबी मोजली, तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडची माणसं दिसायला बारीक, पण चरबी आत पोटाभोवती साठलेली. तीच चरबी इन्सुलिनला दाद देऊ देत नाही.

म्हणून नुसता वजनकाटा बघू नका. शिवणकामाचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न ओढता माप घ्या. बाईचं माप ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या वर असेल तर शुगर तपासून घ्या.

घरात कोणत्या खुणा दिसतात?

- पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाली तरी दोन पाळ्यांत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या.
- हनुवटी, ओठ, छाती, पोट इथं राठ केस. चेहऱ्यावर मोठे फोड. डोक्यावर मधे विरळ होणं.
- मानेच्या मागं, काखेत जाड, मखमली, काळपट कातडी. कितीही घासली तरी न जाणारी.
- दिवस राहायला वेळ लागणं.

यातल्या मानेबद्दल थोडं जास्त बोलते. आपण पोरींना म्हणतो, "नीट घासून आंघोळ कर, मान बघ कशी काळी झालीय." तो मळ नसतो. जादा इन्सुलिनमुळं तिथली कातडी जाड होते. दगडानं घासून पोरीचं कातडं सोलू नका, रक्त तपासा.

पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला लगेच पीसीओएस म्हणू नका. पहिल्या वर्षी पाळी मागंपुढं होणं साहजिक आहे. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील, तर सोनोग्राफीवरून हा आजार ठरवतच नाहीत, कारण त्या वयात चांगल्या अंडाशयातही तशा पिशव्या दिसतात. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, तर मात्र दाखवा.

कुठं जायचं, काय विचारायचं?

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं सरकारी रुग्णालय. पुढं गरज पडली तर सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथं थोडी फी पडते. मुलीला एकटीला लाज वाटत असेल तर आशाताईंना बरोबर घ्या.

जाताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्या. मोबाईलमध्ये नाही तर कॅलेंडरवर खूण करा. डॉक्टरांना अर्धं निदान त्या तारखांवरून होतं. तिथं गेल्यावर हे विचारा:

- शुगरची तपासणी कराल का? उपाशीपोटी एकदा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी एकदा. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत बरंच सुटून जातं.
- थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बघायचं का? त्यांच्या बिघाडानंही पाळी चुकते.
- बीपी आणि चरबी तपासायची का?

एकदा पीसीओएस ठरला की शुगर दर एक ते तीन वर्षांनी परत तपासायची, पाळी नीट झाली तरी.

उपचार काय?

हा आजार मुळासकट काढणारी गोळी नाही. दहा हजारांचा कोर्स तसं म्हणत असेल तर तो फसवतोय. पण तो ताब्यात नक्की राहतो. पाळी नियमित करायला डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. इन्सुलिनचं काम सुधारायला मेटफॉर्मिन देतात. ही शुगरचीच जुनी, स्वस्त गोळी आहे. म्हणून ती लिहून दिली तर "पोरीला शुगर झाली" असं रडू नका. सासूची मेटफॉर्मिन सुनेनं स्वतःहून घ्यायची नाही. जत्रेसाठी, सणासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत. मूल हवं असेल तर बीज तयार करायच्या गोळ्या आहेत, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. वांझपणाचा शिक्का कुणी मारू नये.

ताटात आणि पायात काय बदलायचं?

ड्रीपचे क्षार काढायला आपण नळ्यांतून ॲसिड सोडतो. शरीरात ते काम चालणं आणि ताट करतं. स्नायू हलतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं चाला. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतकं जोरात.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतोच की. खरंय. पण शेडमध्ये बसून आठ तास बेदाणा निवडताना हात चालतात, पाय नाही. दोन तासांनी एकदा उठून शेडला दोन फेऱ्या मारा. आणि निवडता निवडता तोंडात टाकलेल्या मुठींचा हिशोब ठेवा. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते.

चहाचा हिशोब करा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर, एकटीच्या पोटात. आधी कप कमी करा, मग चमचे. गूळ घातला तरी ती साखरच.

चपाती, भात आणि बटाट्याची भाजी एका ताटात म्हणजे तिन्ही एकाच जातीचे. त्याऐवजी शाळूची किंवा बाजरीची भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. जमत असेल तर अंडं. हे आपल्या आज्यांचंच ताट आहे, मेडिकलमधली पावडर नको. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाणे, ताक घ्या, आणि भगरही बेतानं. वजन जास्त असेल तर सगळं उतरवायची गरज नाही. सत्तर किलोच्या बाईनं चार-पाच किलो कमी केले तरी पाळीत फरक पडायला लागतो.

एक विनंती. हे बदल मुलीच्या एकटीच्या ताटात करू नका. तिला उसळ आणि भावाला शिरा, असं झालं तर ते औषध राहत नाही, शिक्षा होते. आणि "जाडी", "दाढीवाली" असं घरात कुणाला बोलू देऊ नका. या मुली मनानं आधीच खचलेल्या असतात. मी होते.

मग त्या ताईंचं काय झालं?

दहा हजारांचा अर्ज त्यांनी दिला नाही. मायलेकी सरकारी दवाखान्यात गेल्या. ग्लुकोज प्यायल्यावर मुलीची शुगर काठावर निघाली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचीही बघू. ताईंची शुगर चांगलीच वाढलेली होती. वय एक्केचाळीस. रात्री चार-चार वेळा उठत होत्या, तहान लागत होती. त्यांना वाटायचं, उन्हाळा आहे.

आता दोघीही औषध घेतात आणि संध्याकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायला जातात. मुलीची पाळी अजून दर महिन्याला येत नाही. गेल्या सहा महिन्यांत चारदा आली. तारखा ती स्वतः कॅलेंडरवर लिहिते, स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. गटात शिवणकाम करणाऱ्या ताईंनी टेप आणावा. ज्यांच्या घरात पाळी चुकणारी मुलगी आहे त्यांनी सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. बैठक संपल्यावर, गाडीजवळ सांगितलं तरी चालेल. मी थांबेन.

— तुमची क्षेत्र समन्वयक, कवठे महांकाळ